तांबूची गुरगुर

"आणि गुरगुरतो कधी?"

"गुरगुरत नाही," सबनीस सर म्हणाले. "ते मी बंद केलं."

लीलाअक्का ओट्यावर बसून गुडघ्याला तेल चोळत होत्या. त्यांचा हात थांबला.

"बंद केलं..."

"लहान होता तेव्हाच. तोंडातून आवाज निघाला की पट्ट्याला हिसका द्यायचा, मान खाली दाबायची आणि 'चूप' म्हणायचं. लवकर शिकला. आता घरात कुत्रा आहे हे पाहुण्यांना कळतसुद्धा नाही."

सरांच्या बोलण्यात अभिमान होता. मिरजेतल्या एका शाळेचे ते मुख्याध्यापक होते. त्यांच्या चपलांचा आवाज जिन्यात आला की वर्ग आपोआप गप्प होत. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक पिल्लू आणलं, तांबूस रंगाचं. त्याचं नाव तांबू ठेवलं. आता तो रुंद छातीचा, थोराड कुत्रा झाला होता आणि सरांच्या डाव्या पायाशी मूर्तीसारखा बसला होता.

"मग त्या दिवशी काय झालं?" अक्कांनी विचारलं.

सरांनी सांगितलं. गल्लीत उभे होते. समोरून उपळेकरबाई त्यांच्या गुंडीला घेऊन आल्या. गुंडी म्हणजे लहानशी पांढरी कुत्री. ती शेपटी हलवत जवळ आली. तांबू शांत बसून होता. अगदी शांत. आणि पुढच्या क्षणी गुंडीचा खांदा त्याच्या जबड्यात होता.

"वाचली?"

"वाचली. टाके पडले, लंगडते थोडी. पण गल्लीतले लोक म्हणतात, पुन्हा असं झालं तर कुत्रा ठेवायचा नाही. डॉक्टर म्हणाले, एकतर लीलाअक्कांकडे न्या, नाहीतर..."

सर थांबले. इंजेक्शन हा शब्द त्यांना तांबूसमोर उच्चारवेना.

"एवढा शिस्तीचा कुत्रा," ते म्हणाले. "आणि काही सूचना न देता चावतो."

"सूचना न देता," अक्का म्हणाल्या.

"तेच तर."

अक्का बराच वेळ तांबूकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्हाला काय हवंय?"

"दुसरं कुत्रं समोर आलं तरी त्यानं शांत बसावं."

"ते त्याला येतं."

"मग?"

"मी त्याला गुरगुरायला शिकवीन. चालत असेल तर उद्यापासून या."

सरांना वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं.

·

लीलाअक्का तरुणपणी सर्कशीत होत्या. कुत्र्यांचा खेळ त्यांचा. त्यांचं नाव पुकारलं की तंबूत टाळ्या पडत, असं जुने लोक सांगत. सर्कस मोडल्यावर त्या गावाबाहेर ओढ्याकाठी येऊन राहिल्या. पत्र्याची शेड, चिंचेचं झाड, तारेचं कुंपण. बेळगावपासून लोक आपली बिघडलेली कुत्री घेऊन त्यांच्याकडे येत. काही सुधारत, काही नाही. अक्का आधी कुणालाच शब्द देत नसत.

सर घरी आले ते धुसफुसतच.

"विक्षिप्त बाई आहे," ते पत्नीला म्हणाले. "म्हणे गुरगुरायला शिकवीन."

कुमुदताई भाजी निवडत होत्या. त्या "हं" म्हणाल्या.

सरांनी ठरवलं, तिकडे पुन्हा जायचं नाही. सकाळी तांबू पट्टा तोंडात धरून दाराशी उभा राहिला. सरांनी त्याच्याकडे पाहिलं आणि चपला घातल्या.

·

अक्कांची चिंगी नावाची म्हातारी कुत्री होती. ती लांब, चिंचेखाली बसली होती. सर आणि तांबू कुंपणाच्या फाटकाशी उभे होते.

अक्कांनी सरांच्या हातात एक डबा दिला. आत उकडलेल्या कलेजीचे तुकडे होते.

"त्यानं चिंगीकडे पाहिलं की एक द्यायचा."

"कशाबद्दल?"

"पाहिल्याबद्दल."

"अक्का, मी त्याला फक्त माझ्याकडे पाहायला शिकवलंय. दुसरीकडे पाहणं म्हणजे आज्ञा मोडणं."

"मग ती काय करतेय, हे त्याला कसं कळणार?"

तांबूने चिंगीकडे पाहिलं. सरांनी मुकाट्याने तुकडा दिला.

"पट्टा सैल सोडा."

सरांनी पट्टा सैल सोडला.

"तो सैल नाही. तुमचा हात सैल नाही."

सरांनी आपल्या हाताकडे पाहिलं. मूठ घट्ट आवळलेली होती. त्यांनी ती उघडली, आणि चिंगी चिंचेखाली नुसती उठून उभी राहिली तशी ती पुन्हा आवळली गेली. ती कोणी आवळली, हे सरांना कळलं नाही.

"आता तो कसा आहे?" अक्कांनी विचारलं.

"शांत आहे."

"मघाशी जीभ बाहेर होती. ऊन तेवढंच आहे. तोंड का मिटलं?"

सरांनी वाकून पाहिलं. तांबूचं तोंड खरंच मिटलेलं होतं. बसला होता तसाच, पाठ ताठ, कान स्थिर. शाळेच्या प्रार्थनेला उभं राहिलेल्या गुणी मुलासारखा. सरांना त्यात काही खोट दिसेना.

"मागे या," अक्का म्हणाल्या. "अजून मागे."

रस्त्याच्या कडेपर्यंत मागे आल्यावर तांबूने तोंड उघडलं. लाळेची तार लोंबली. त्याने अंग झाडलं.

"आजचं झालं," अक्का म्हणाल्या.

"एवढंच?"

"त्याला बरंच झालं. तुम्हाला कमी वाटलं असेल."

·

असे बरेच दिवस गेले.

सर रोज येत. रोज तेच. लांब चिंगी, इकडे तांबू. पाहिलं की तुकडा. तोंड मिटलं की मागे. सरांना वाटे, आपण एका चांगल्या कुत्र्याचे लाड करून त्याला वाया घालवत आहोत. तांबू आता घरात एका जागी बसत नव्हता. खिडकीत जाऊन बाहेर बघे. एकदा दूधवाल्यावर भुंकलासुद्धा. सरांच्या ओठांवर 'चूप' आलं होतं, ते त्यांनी गिळलं. का गिळलं, हे त्यांना सांगता आलं नसतं.

"हा दुसऱ्या कुत्र्यांशी मैत्री कधी करणार?" त्यांनी एक दिवस विचारलं.

"तुमचे मित्र किती आहेत, सर?"

सरांनी विचार केला. शाळेतले सहकारी होते... पण ते सहकारी. समोरचे शेजारी होते... त्यांच्याशी नमस्कारापुरतं.

"फारसे नाहीत," ते म्हणाले.

"तरी तुम्ही कुणाला चावत नाही."

सरांना हसावं की रागवावं ते कळेना. अक्कांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

एकदा कुमुदताईही आल्या. ओढ्यापलीकडच्या देवळात जायचं होतं, तिथून सोबतच परतायचं म्हणून. त्या कुंपणाबाहेर उभ्या राहिल्या. अक्कांनी त्यांना हाक मारून आत बोलावलं, ओट्यावर बसवलं.

"तुम्हाला कुत्रा आवडतो का?" अक्कांनी विचारलं.

"तिला आवडतो," सर म्हणाले. "खायला तीच घालते त्याला."

अक्का कुमुदताईंकडेच पाहत राहिल्या.

कुमुदताईंनी पदर सारखा केला. ओढ्याकडे पाहिलं. तांबू त्यांच्या पायाशी येऊन हुंगू लागला तसे त्यांनी पाय ओट्यावर वर घेतले.

"...चहा टाकते," अक्का म्हणाल्या आणि उठल्या.

·

त्या दिवशी आभाळ भरून आलेलं होतं. चिंगी चिंचेखालून उठली आणि कुणी न बोलावता सरळ चालत सुटली. तिला आता नीट दिसत नसे. ती फाटकाच्या दिशेने येऊ लागली.

"अक्का..." सर म्हणाले.

अक्का जागच्या हलल्या नाहीत.

चिंगी जवळ आली. याआधी कधी आली नव्हती इतकी जवळ. तांबूचं तोंड मिटलं. सरांना आता ते दिसलं. पाठीवरचे केस उभे राहिले, तेही दिसले. मग वरचा ओठ थरथरला आणि त्याच्या छातीतून एक आवाज आला. खोल, खरखरीत. बरेच दिवस न वापरलेलं दार उघडावं तसा.

सरांचा हात पट्ट्यावर गेला. त्यांचं तोंड उघडलं. "चू..."

अक्कांनी त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

उभ्या आयुष्यात सबनीस सरांच्या तोंडावर कुणी हात ठेवला नव्हता. त्या हाताला कलेजीचा वास येत होता. सर तसेच उभे राहिले.

चिंगी थांबली. तिने मान बाजूला वळवली, गवत हुंगलं आणि काही विशेष घडलं नसल्यासारखी वळून निघून गेली.

तांबूने श्वास सोडला. तोंड उघडलं. जीभ बाहेर आली.

अक्कांनी सरांच्या हातातला डबा घेतला आणि सगळाच्या सगळा तांबूपुढे उपडा केला.

"तो गुरगुरला," सर म्हणाले.

"ऐकलं मी."

"आणि तुम्ही त्याला बक्षीस दिलंत."

"चावला का?"

"नाही."

"चावायचं त्याच्या मनात होतं?"

"मला काय ठाऊक त्याच्या मनातलं?"

"आज ठाऊक झालं," अक्का म्हणाल्या. "चिंगीलाही झालं. म्हणून गेली ती."

तांबू खात होता. शेपटी हलत होती. सर त्याच्याकडे पाहत राहिले. या कुत्र्याने लहानपणी पहिल्यांदा असा आवाज काढला होता तेव्हा समोर खाण्याची वाटी होती, आणि सरांनी ती उचलून घेतली होती. तो शिकावा म्हणून. शिकलाच तो.

"मग मी जे केलं..." त्यांनी सुरुवात केली. "मी तर त्याला सुधारत होतो. अख्ख्या शाळेत... अक्का, मी गोंगाट थांबवला की पालक येऊन पाया पडायचे."

अक्का नळाखाली डबा धूत होत्या.

"ते सगळं चूक होतं?"

पाण्याचा आवाज येत राहिला.

"मला मुलांतलं काही कळत नाही," शेवटी अक्का म्हणाल्या. "कुत्र्यांतलंही सगळं कळत नाही." त्यांनी डाव्या हाताची बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत पांढरा व्रण होता. "ज्यानं हा दिला, तोही गप्प होता. मीच केला होता. टाळ्या पडायच्या."

त्यांनी बाही खाली ओढली आणि डबा उन्हात पालथा घालायला गेल्या. ऊन नव्हतं. तरी घातला.

·

पुढचं गल्लीत घडलं.

सकाळची वेळ होती. सर आणि कुमुदताई मंडईतून येत होते, तांबू सोबत होता. वळणावर अचानक उपळेकरबाई समोर आल्या. गुंडी त्यांच्यापुढे लंगडत चालत होती.

मागे जायला वेळ मिळाला नाही. तांबूचं तोंड मिटलं, ओठ थरथरला आणि गल्लीत सर्वांना ऐकू येईल अशी गुरगुर झाली.

उपळेकरबाईंनी झटकन गुंडीला उचलून छातीशी धरलं. एका दारात कुणीतरी उभं राहिलं.

सरांचा हात हिसका द्यायला शिवशिवत होता. सगळी गल्ली पाहत होती. त्यांचा कुत्रा चारचौघांत गुरगुरत होता. आयुष्यभर ज्या गोष्टीची त्यांना लाज वाटली, ती गोष्ट त्यांच्याच पट्ट्याच्या टोकाला घडत होती.

त्यांनी मूठ सैल केली.

"चल, तांबू," ते म्हणाले. "जाऊ आपण."

आणि ते वळले. तांबू क्षणभर थांबला. मग तोही वळला आणि त्यांच्यासोबत चालू लागला.

मागून उपळेकरबाईंचा आवाज आला. त्या रागात होत्या, पण ओरडल्या नाहीत.

"आज निदान सांगितलं तरी त्यानं," त्या म्हणाल्या.

सर चालत राहिले. लांबच्या बोळातून वळसा घालून ते घरी आले. काहीच झालं नव्हतं. कुणी चावलं नव्हतं, कुणाला लागलं नव्हतं. आणि सरांना मात्र वाटत होतं, आपण कुठल्या तरी परीक्षेत बसलो होतो आणि पास झालो की नापास, ते कुणी सांगितलंच नाही.

त्यांनी उंबऱ्यापाशी वाकून तांबूचा पट्टा सोडला.

"मला हा कुत्रा नको होता."

सरांनी वर पाहिलं. कुमुदताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मंडईची पिशवी अजून त्यांच्या हातातच होती.

"काय म्हणालीस?"

"तुम्ही आणलात तेव्हाही नको होता. मला त्याची भीती वाटते. पहिल्या दिवसापासून वाटते." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. नुसता थरथरत होता. "मला कुणी विचारलं नाही. कधीच नाही. या कुत्र्याचंच नाही..."

आणि मग त्या बोलत राहिल्या.

सर ऐकत होते. म्हणजे त्यांच्या कानांवर पडत होतं. त्यात धारवाडचं काहीतरी होतं, त्यांच्या माहेरचं. पेटीचं काहीतरी होतं, जी त्या लग्नाआधी वाजवत. एवढ्या वर्षांच्या संसारात सरांनी त्यांचं इतकं सलग बोलणं ऐकलं नव्हतं. ही बाई कोण, असं त्यांना वाटलं. आपल्या घरात कधी आवाज चढला नाही, असं ते लोकांना सांगत असत. खरंच सांगत असत.

तांबू दोघांच्या मधे उभा राहून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होता.

चपला अजून पायातच आहेत, हे सरांनी पाहिलं. ते वळले आणि घराबाहेर पडले.

·

ओढ्याकाठी पोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. अक्का चिंचेखाली चिंगीला पुढ्यात घेऊन तिच्या कानातले गोचीड काढत होत्या.

"एकटेच?" त्यांनी विचारलं. "तांबू कुठाय?"

"घरी आहे. तो ठीक आहे. आज गल्लीत गुंडी समोर आली. तो गुरगुरला, मी वळलो, तोही वळला. काही झालं नाही."

"चांगलं झालं."

सर समोरच्या दगडावर बसले. धाप लागली होती.

"अक्का," ते म्हणाले, "कुत्रा सुधारला आणि बायको बिघडली."

अक्कांनी एक गोचीड चिमटीत धरून रॉकेलच्या वाटीत टाकला.

"काय केलं त्यांनी?"

"बोलली."

"काय बोलल्या?"

"कुत्रा नको होता म्हणाली. भीती वाटते म्हणाली. मला काही कळेना. रोज खायला घालते त्याला. कधी चकार शब्द काढला नाही, आणि आजच... आज तर सगळं नीट झालं होतं. आजच का?"

चिंगीने कान हलवला. अक्कांनी तो पुन्हा हळूच धरला.

"अजून काय म्हणाल्या?"

"अजून..." सरांनी कपाळावरचा घाम पुसला. "धारवाडचं काहीतरी. पेटीचं काहीतरी. पुष्कळ बोलली."

"काय, पेटीचं?"

सरांनी आठवून पाहिलं. मुलांच्या उत्तरपत्रिका वर्षानुवर्षं लक्षात ठेवणारे सबनीस सर दगडावर बसून आठवत राहिले. ओढ्याला थोडंसंच पाणी होतं, त्याचा आवाज येत होता.

"आठवत नाही," ते हळू म्हणाले. "ती बोलत होती तेव्हा... तिला काय उत्तर द्यायचं, याचाच मी विचार करत होतो."

"दिलंत?"

"नाही. सुचलंच नाही. म्हणून तर तुमच्याकडे आलो. मी आता काय करू, अक्का?"

अक्कांनी पहिल्यांदाच मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"त्यांचं बोलून झालं होतं?"

स्वयंपाकघराचं दार सरांच्या डोळ्यांसमोर आलं. हातातली पिशवी. अर्धवट उघडं राहिलेलं तोंड.

"...नाही," ते म्हणाले. "नसेल झालं."

अक्कांनी चिंगीचा दुसरा कान हातात घेतला आणि त्यांच्याकडे पाठ करून बसल्या.

"मग तुम्ही इथे काय करताय?"